लोणारी कोळशाचा माग

इंदुरात अजूनही एखाद्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याचा ठेला असतो. लोखंडी पेटीचं झाकण उघडून तो निखारे आत टाकतो, दोनदा फुंकर मारतो, राख झटकतो आणि शर्टाच्या कॉलरवर पेटी फिरवतो. ठेल्याखाली काळ्या गोणीत कोळसा असतो. तो हातात घेतला तर हलका लागतो, लाकडाच्या रेषा त्यावर तशाच दिसतात आणि एकावर एक आपटला तर काचेसारखा किणकिणतो. घरातली जुनी माणसं त्याला लोणारी कोळसा म्हणतात. खाणीतला तो दगडी कोळसा आणि लाकडाचा तो लोणारी, असा फरक मराठीत पक्का बसलेला आहे. म्हणणाऱ्याच्या मात्र लक्षात येत नाही की या नावात एक जात बसली आहे. लोणारी म्हणजे चुना भाजणारे, मीठ करणारे, कोळसा पाडणारे. त्यांचा धंदा बऱ्याच अंशी गेला, नाव मालाला चिकटून राहिलं.

लोखंडाच्या इतिहासात या माणसाला जागा किती, हा या लेखाचा प्रश्न आहे. आपल्याकडे लोखंडाबद्दल बोलायला लागलं की गोष्ट थेट वस्तूवर जाते. इंदूरपासून तासा-दीड तासावर धार आहे. तिथल्या लाट मशिदीपाशी लोखंडी स्तंभाचे तुकडे आहेत. सगळे मिळून लांबी तेरा मीटरच्या वर, वजन सात टनांच्या आसपास. परंपरा त्याचं नातं राजा भोजाशी जोडते. अकबराच्या दक्षिणस्वारीचा १५९८ चा लेख त्यावर आहे. तो स्तंभ ओतला की ठोकून जोडला, गंज का चढला नाही, यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण या सात टनांमागे किती जंगल जळलं आणि ते कुणी जाळलं, हे विचारायचं कुणाला फारसं सुचत नाही. दगडी कोळशाचा कोक वापरून लोखंड गाळण्याची युक्ती अब्राहम डार्बीने इंग्लंडमध्ये कोलब्रुकडेलला साधली ती १७०९ मध्ये. आपल्याकडे तोवर आणि त्यानंतरही दीडशे-पावणेदोनशे वर्षं लोखंड म्हणजे लाकडाच्या कोळशावरचंच.

भट्टीत हा कोळसा एकाच वेळी तीन कामं करतो. उष्णता देतो, हे कुणालाही कळतं. दुसरं, त्याच्या अर्धवट जळण्यातून निघणारा वायू कच्च्या धातूतला प्राणवायू ओढून घेतो आणि मागे लोखंड उरतं. तिसरं काम भट्टीवाल्यांनाच माहीत असतं. वरून पडणाऱ्या दगडाचा आणि चुनखडीचा भार अंगावर घेऊन कोळशाने मोकळं राहायचं असतं, म्हणजे भात्याचा वारा त्यातून वर जातो. कोळसा ठिसूळ निघाला तर भुगा होतो, वारा कोंडतो आणि भट्टी थंडावते. म्हणून लोखंडवाल्याला कुठलाही कोळसा चालत नाही. लाकूड नीट वाळलेलं हवं, भट्टी सावकाश लागलेली हवी. गंधक नसल्यामुळे या कोळशाचं लोखंड मऊ आणि गुणाचं उतरतं. कोकचा जमाना सुरू झाल्यावरही स्वीडनने आपलं कोळशाचं लोखंड जगभर विकलं ते याच जोरावर.

आणि हे स्वीडन आपल्या दारापर्यंत आलं होतं. इंदूरहून खंडव्याच्या वाटेला, घाट उतरून नर्मदेच्या अलीकडे बडवाह लागतं. ओंकारेश्वरला जाणारा प्रत्येक इंदुरी माणूस तिथून गेलेला असतो. १८६० च्या सुमाराला हा मुलूख ब्रिटिश निमाडात होता आणि कारभार मंडलेश्वरहून चाले. तिथले पोलिटिकल एजंट रिचर्ड कीटिंग यांना टेकड्यांतला लोहदगड आणि नर्मदाकाठची जंगलं पाहून इथे लोखंडाचा कारखाना काढावासा वाटला. जवळपास वापरण्याजोगा दगडी कोळसा नव्हता. मग कोळशाचं लोखंड करण्यात जगात वाकबगार कोण? स्वीडिश. म्हणून निल्स मितांदेर हा तरुण स्वीडिश लोहतज्ज्ञ सरकारी नोकरीत बडवाहला आला. त्याच सुमाराला त्याचे देशबंधू यूलियस रामसे आणि गुस्ताफ विटेनस्ट्रम कुमाऊंमध्ये नैनीतालच्या पायथ्याशी देचौरीला असाच कारखाना चालवायला आले.

बडवाहचा कारखाना उभा राहिला. भट्टीची बांधणी झाली, यंत्रं बसली. मात्र नियमित उत्पादनाला हात घालायच्या आधीच, १८६४ मध्ये, सरकारने काम थांबवलं. धंदा सरकारने करू नये, खाजगी माणसाने करावा, हे तेव्हाचं लंडनचं मत. पण घ्यायला कुणी पुढे आलं नाही. रेल्वेचे रूळ विलायतेहून जहाजाने येत होते आणि त्यांना इथे हमखास गिऱ्हाईक होतं. पुढे, १८६७ च्या सुमाराला, बडवाह, मंडलेश्वर, कसरावद हे परगणे अदलाबदलीत होळकरांकडे आले. दुसऱ्या तुकोजीरावांनी लोखंडी भट्टीपेक्षा लोखंडी रस्त्यात पैसा घालणं पसंत केलं. त्यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचं कर्ज दिलं आणि खंडवा-इंदूर होळकर स्टेट रेल्वे बडवाहवरूनच आली, मोरटक्क्याला नर्मदा ओलांडून. ज्या गावात लोखंड व्हायचं होतं, त्याच गावातून विलायती लोखंडावरून गाडी धावू लागली.

ही सगळी हकीकत आज आपल्याला तपशिलाने कळते ती यान आफ गेयेरस्टाम या स्वीडिश संशोधकामुळे. स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठातला त्याचा प्रबंध २००४ मध्ये पुस्तकरूपाने आला. प्रकाशक येर्नकोन्तोरेत, म्हणजे १७४७ पासून चालत आलेली स्वीडिश लोखंडवाल्यांची संस्था. दीडशे वर्षांपूर्वी परदेशी गेलेल्या आपल्या तीन कारागिरांची पत्रं, अहवाल आणि नकाशे त्या देशाने जपून ठेवले आणि वेळ आल्यावर त्यांचा अभ्यास छापला. हे वाचताना हेवा वाटतो, आणि थोडी शरमही. बडवाहच्या कारखान्याची सगळ्यांत चांगली हकीकत बडवाहपासून सहा हजार किलोमीटरवर लिहिली जावी, याला काय म्हणायचं?

पण त्या पुस्तकातही माणसं आहेत ती मुख्यतः भट्टीजवळची. जंगलात गेलेल्यांचे चेहरे धूसरच राहतात. यात लेखकाचा दोष नाही, कागदच तसे आहेत. पगारपत्रकावर इंजिनियर येतो, ओव्हरसियर येतो, गवंडी येतो. कोळसा मात्र मापाने येतो, म्हणजे इतक्या गाड्या, इतके मण. तो कुणी पाडला हे ठेकेदाराला ठाऊक असतं आणि ठेकेदार लिहीत नाही.

जरा हिशेब करून पाहा. मातीच्या भट्टीत एक टन कोळशाला साधारण पाच टन लाकूड लागतं. चांगल्या झोतभट्टीला एक टन लोखंडासाठी सुमारे एक टन कोळसा धरू. रोज पाच टन लोखंड काढणारी भट्टी म्हणजे रोज पंचवीस टन लाकूड. ते तोडायचं, ओंडके करायचे, वाळवायचे, रचायचे, भाजायचे, राखायचे, उघडायचे, भरायचे आणि बैलगाडीने आणायचे. भट्टीच्या तोंडाशी एका पाळीत मूठभर माणसं पुरतात. जंगलात मात्र शेकड्यांनी लागतात. लोखंड करणं हे बहुतांशी कोळसा करणंच होतं, आणि कारखान्याच्या भिंतीबाहेरच्या या भागाला आपण कारखाना म्हणतच नाही.

शिवाय हा कोळसा फार लांबून आणता येत नाही. खाचखळग्यांतून गाडी हादरली की त्याचा चुरा होतो. म्हणून कोळसा भट्टीच्या जवळच पाडावा लागतो. जवळचं जंगल संपलं की कोळसेवाला पुढच्या डोंगरात सरकतो, मग त्याच्या पुढच्या. लोखंडाची भट्टी दगडविटांची आणि जागेवर उभी. कोळशाची भट्टी मातीची, एकदा लागली की मोडायची. तिच्या शेजारची झोपडी पानाची. दीडशे वर्षांनी गेलेल्या माणसाला पहिली दिसते. दुसरीची खूण म्हणजे एखाद्या उतारावरचा सपाट गोल तुकडा आणि त्यातली काळी माती. ती ओळखायला डोळा तयार असावा लागतो.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातली हॉपवेल भट्टी १७७१ ते १८८३ चालली. तिथे आता राष्ट्रीय स्मारक आहे आणि कोळसा पाडण्याचं प्रात्यक्षिक दाखवतात. तिथला कोळसेवाला शंकूच्या आकाराच्या झोपडीत राही. दहा-चौदा दिवस भट्टी धुमसे, तोवर त्याला तिथून हलता येत नसे. आत पोकळी झाली का ते पाहायला तो चक्क पेटत्या ढिगावर चढून उड्या मारी. स्वीडनमध्ये तर या एकट्या जागरणातून कविता निघाली. दान आंदेर्सोन हा स्वतः कोळसा पाडणाऱ्यांत वाढलेला कवी. त्याने १९१५ मध्ये कोळसाराख्याच्या गाण्यांचा संग्रह काढला आणि तो तिथे घरोघर गेला. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या आहेत, मोटेवरची गाणी आहेत. कोळशाच्या भट्टीवरचं काही माझ्या तरी कानावर आलेलं नाही. ती माणसं गात नव्हती असं मात्र मी मानणार नाही.

काम इथून तिथून सारखंच. लाकूड उभं रचायचं, मधे जाड आणि कडेला बारीक. फटीत काटक्या कोंबायच्या. वर ओला पाला, त्यावर गवत, त्यावर चिखलाचा जाड लेप. खाली हवेला भोकं ठेवायची आणि मधल्या पोकळीतून विस्तव सोडायचा. पहिले दिवस पांढरा दाट धूर निघतो, ते लाकडातलं पाणी. मग धूर पिवळट होतो आणि डोळे झोंबायला लागतात. शेवटी पातळ निळसर झाला की आतलं लाकूड कोळसा झालं, म्हणजे भोकं बुजवायची. या सगळ्या दिवसांत ढीग हळूहळू खचत जातो, लेपाला तडा जातो आणि त्या तड्यातून हवा आत शिरते. रात्री दोन वाजता तडा गेला तर दोनलाच उठून ओला चिखल थापायचा. झोप लागली तर सकाळी ढिगात राख. आणि घाईने उघडलं तर थंड वाटणारा कोळसा वारा लागताच पुन्हा पेट घेतो. पाण्याची घागर भरून ठेवल्याशिवाय शहाणा माणूस भट्टी फोडत नाही. धुरातला विषारी वायू दिसत नाही, वासही येत नाही. डोकं जड झालं, उलटी झाली तर बाजूला जाऊन पडायचं, एवढाच त्यावरचा उपाय.

या कामाचं ज्ञान कारखान्याबरोबर आयात झालेलं नव्हतं. निमाडात चांदगढ-पुनासाच्या डोंगरांत देशी भट्ट्यांवर लोखंड गाळलं जात होतं. सागर-जबलपूरकडे तर त्याची मोठी परंपरा होती. कॅप्टन जेम्स फ्रँकलिनने १८२९ च्या सुमाराला मध्य हिंदुस्थानातल्या भट्ट्यांचं बारकाईने वर्णन लिहिलं. धरमपाल यांनी १९७१ च्या आपल्या ग्रंथात ते पुन्हा छापलं, म्हणून आज ते सहज वाचायला मिळतं. त्याच काळात मेजर प्रेसग्रेव्हने सागरजवळ बिअस नदीवर झुलता पूल बांधला तो याच देशी लोखंडाचा. आणखी पूर्वेला आगरिया लोक. व्हेरिअर एल्विनने त्यांच्यावर १९४२ मध्ये पुस्तक लिहिलं. आगरियांचे देव तीन: भट्टीतला लोहासुर, विस्तवातला अग्यासुर आणि कोळशातला कोयलासुर. इतिहासाच्या पुस्तकांनी कोळशाला वगळलं, आगरियांनी त्याला देव केलं. मला हा हिशेब जास्त खरा वाटतो.

सह्याद्रीत हेच काम धावड करीत. महाबळेश्वरच्या पठारावर आणि आसपासच्या खोऱ्यांत लोखंड गाळणारे हे मुसलमान कारागीर. दगड खोदायचा त्यांनीच, कोळसा पाडायचा त्यांनीच, गाळायचंही त्यांनीच. साताऱ्याच्या गॅझेटियरपर्यंत, म्हणजे १८८५ पर्यंत, त्यांचा धंदा बसलेला होता. कारण दुहेरी: विलायती लोखंड स्वस्त झालं आणि कोळसा महाग. कोळसा महाग का झाला, तर जंगलावर सरकारी पहारा बसला.

इथे एक साल डोळ्यांत भरतं. बडवाहचं काम बंद झालं ते १८६४ मध्ये, आणि त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारचं जंगल खातं सुरू झालं, डीट्रिश ब्रांडिस हा जर्मन वनतज्ज्ञ त्याचा पहिला प्रमुख. पाठोपाठ १८६५ चा आणि मग १८७८ चा जंगल कायदा आला. रेल्वेला स्लीपर हवे होते, त्यासाठी साग राखायचा होता. जो माणूस काल कारखान्याच्या योजनेत गृहीत धरलेला मजूर होता, तो आज परवानगीशिवाय कुऱ्हाड चालवणारा गुन्हेगार ठरला. देशी लोखंड विलायती लोखंडाने मारलं, हे आपण शाळेपासून ऐकतो. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं जंगलाच्या हद्दीवर घडलं.

कोळशावरची लोखंडभट्टी हिंदुस्थानात चालूच शकत नव्हती, असं मात्र नाही. म्हैसूर संस्थानाने भद्रावतीला १९२३ मध्ये कोळशावरचीच झोतभट्टी पेटवली आणि विश्वेश्वरय्यांनी ती नेटाने सांभाळली. तिथे लाकूड बंद लोखंडी पात्रांत भाजून त्यातली रसायनंही काढून घेत. संस्थानच्या हातात जंगल होतं आणि पाठीशी उभं राहायची इच्छा होती. बडवाहला यांतली दुसरी गोष्ट नव्हती. मध्यंतरी सगळ्यांची नजर दगडी कोळशाकडे वळली होती. रिटर फोन श्वार्त्स यांचा चांद्याच्या लोहाऱ्याबद्दलचा १८८२ चा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला, आणि पुढे गुरुमहिसाणीचा लोहदगड टाटांना दाखवणारे प्रमथनाथ बोस यांनी तरुणपणी नेमावर ते कवांट हा नर्मदेचाच पट्टा पायाखाली घातला होता. बडवाह त्याच पट्ट्यात येतं. जमशेदपूर उभं राहिलं आणि लोखंडाच्या गोष्टीतून लोणारी कोळसा बाहेर पडला.

कोळसेवाला मात्र संपला नाही. त्याचं गिऱ्हाईक तेवढं बदललं. ठाणे-कुलाब्याच्या जंगलांतला कोळसा मुंबईच्या चुलींना, शेगड्यांना, लोहारांना जात राहिला. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा मोटारींच्या मागे टाक्या बसवून त्या कोळशाच्या गॅसवर चालवल्या. हा कोळसा पाडणारे मुख्यतः कातकरी. खैराचा कात काढणं हा त्यांचा मूळ धंदा, नावही त्यावरूनच. जंगल बंद झालं तसा कात सुटला आणि हाती आला सावकाराचा, ठेकेदाराचा कोळसा. सिमिंग्टन यांनी मुंबई सरकारसाठी ठाण्याकडच्या आदिवासींची पाहणी केली ती १९३० च्या दशकाच्या शेवटी. जंगल ठेकेदार माणसांना कसं नागवतात ते त्यांनी सरकारी भाषेतही स्पष्ट लिहिलं. त्यातून पुढे मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांच्या काळात, १९४७ पासून, जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघाल्या. ठेकेदाराऐवजी संस्थेने जंगलतोडीचा कूप घ्यायचा आणि तोडणाऱ्यांनी वाटून खायचं. काही ठिकाणी ते चाललं. पुष्कळ ठिकाणी संस्थेच्या कागदाआड जुनाच ठेकेदार राहिला.

वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा. विवेक पंडितांच्या श्रमजीवी संघटनेसारख्या संघटनांनी ठाणे जिल्ह्यात, आणि उल्का महाजनांच्या सर्वहारा जनआंदोलनाने रायगडात, कातकऱ्यांच्या बाजूने वर्षानुवर्षं लढे दिले. तरी उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत राबायचं, हा साचा मोडलेला नाही. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा ठेकेदाराचा माणूस येतो आणि पैसे हातावर ठेवतो. दिवाळी झाली की नवरा, बायको, पोरं, कोंबड्या सगळं ट्रकमध्ये, घाटावर किंवा परराज्यात, जिथे वेडी बाभूळ माजली असेल तिथे. मजुरी गोणीवर. हिशेब पावसाच्या तोंडाला, आणि त्यात उचल, किराणा, औषधपाणी सगळं वजा. कित्येकदा अंगावर काही बाकीच राहते, मग पुढच्या वर्षीची सोय झाली. भट्टी दिवस-रात्र राखावी लागते, म्हणून कुटुंबच लागतं. एकटा माणूस पुरत नाही. पोरांची शाळा सुटते ती यामुळे, आईबापांना शिक्षणाची किंमत कळत नाही म्हणून नव्हे. ब्राझीलमध्ये निलगिरीच्या कोळशावर आजही बीड काढतात. तिथल्या कोळसाभट्ट्यांवर गुलामासारखं राबवून घेतलेल्या माणसांची सुटका करायला सरकारी पथकं जातात. म्हणजे लोखंड आणि कोळसेवाला यांचं जुनं नातं जगात अजून तुटलेलं नाही.

कोळसा पाडणं हे अडाणी काम, ज्याला दुसरं काही येत नाही त्याचं, अशी समजूत गॅझेटियरवाल्या साहेबापासून आजच्या ठेकेदारापर्यंत सगळ्यांची आहे. ती मला मान्य नाही. धुराच्या रंगावरून बंद ढिगाच्या पोटात काय चाललं आहे ते ओळखणारा माणूस कारागीर असतो. मितांदेरला बडवाहला भट्टी बांधायला बोलावलं आणि त्याचं नाव राहिलं, ते योग्यच झालं. पण त्याची भट्टी पेटायची तर ती जंगलातल्या शेकडो लहान भट्ट्यांवर पेटणार होती, आणि त्या राखणाऱ्यांपैकी एकाचंही नाव आपल्याला घेता येत नाही.

इंदूरच्या मराठी मंडळींकडे यासाठी एक साधन आहे, ते इतरांकडे नाही. होळकर दरबाराचा कारभार मोडीत चाले. बडवाह होळकरांकडे आल्यावर तिथली जंगलं, लाकूडकटाई, कोळसा आणि त्यावरचे कर यांचे हिशेब दरबाराच्या दप्तरात जायचे. गेल्या काही वर्षांत मोडी शिकण्याचे वर्ग निघाले आहेत, हौसेने शिकणारे पुष्कळ आहेत, आणि ते बहुतेक जण पेशव्यांच्या, सरदारांच्या पत्रांकडे वळतात. त्यांच्यापैकी दोघा-चौघांनी बडवाह परगण्याचे जंगल हिशेब हाती घ्यावेत. नावं निघाली तर ती छापायला अर्धं पान पुरेल.